देवाला आशीर्वाद कसा द्यायचा?

प्रश्न (वसईहून एक वाचक): आमच्या मराठी बायबलात "देव धन्यवादित असो" असं बऱ्याच ठिकाणी येतं, आणि स्तोत्र १०३ मध्ये "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर" आहे. मुलगी इंग्लिश मीडियमची, ती म्हणते आमच्या बायबलात इथे "ब्लेस द लॉर्ड" आहे, म्हणजे देवाला आशीर्वाद द्या. आता आमच्या घरात तरी आशीर्वाद मोठी माणसं लहानांना देतात, उलटं कधी ऐकलं नाही. मग माणूस देवाला आशीर्वाद कसा देणार? मूळ ग्रीकमध्ये नक्की काय लिहिलंय?

उत्तर: तुमची शंका एकदम बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे ती बायबलमध्येच नोंदवलेली आहे. इब्री लोकांस पत्रात ७ व्या अध्यायात लेखक सरळ म्हणतो की लहानाला मोठ्याकडून आशीर्वाद मिळतो, यात वादच नाही. आणि तिथे त्याने जे क्रियापद वापरलंय, युलोगेओ, तेच क्रियापद माणसं देवाबद्दल वापरतात तेव्हाही येतं. म्हणजे घोळ इंग्लिशने केलेला नाही, तो ग्रीकमध्येच बसलेला आहे, आणि ग्रीकमध्येही तो हिब्रूतून आलाय.

आधी शब्द फोडून बघू. यु म्हणजे चांगलं, लोगोस म्हणजे बोलणं. युलोगेओ म्हणजे चांगलं बोलणे, बस. जुन्या ग्रीक लोकांना यात आशीर्वाद-बिशीर्वाद काही ऐकू यायचं नाही, त्यांच्यासाठी युलोगिया म्हणजे स्तुती, कौतुक, किंवा नुसती छान सजवलेली भाषा. खेळात जिंकलेल्या वीरांवर कविता करणारा पिंडार हा शब्द याच अर्थाने वापरतो. मग इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या ज्यू लोकांनी आपली हिब्रू शास्त्रं ग्रीकमध्ये आणायला घेतली (त्या भाषांतराला सेप्टुअजिंट म्हणतात, नव्या करारातले लेखक बहुतेक वेळा तेच वापरतात) तेव्हा त्यांच्यासमोर हिब्रू 'बराख' हा शब्द आला, आणि त्याला त्यांनी युलोगेओ हा जोडीदार दिला. हिब्रू शब्दाला दोन्ही दिशा होत्या. देव माणसाला बराख करतो तेव्हा भरभराट, मुलंबाळं, पाऊसपाणी मिळतं. माणूस देवाला बराख करतो तेव्हा माणसाकडे देण्यासारखं काय असणार, फक्त शब्द, म्हणून ती स्तुती होते. ग्रीक शब्दाला ही दुसरी बाजू आधीपासून होतीच, पहिली बाजू त्याला या भाषांतराने चिकटवली.

(बराखची अक्षरं हिब्रूतल्या गुडघ्याच्या शब्दाशी जुळतात, म्हणून "आशीर्वाद म्हणजे गुडघे टेकणं" असं प्रवचनात बऱ्याचदा सांगतात. ऐकायला छान आहे, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला उभारू नका.)

हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी बघायचे असतील तर लूकचं शुभवर्तमान काढा. दुसऱ्या अध्यायात म्हातारा शिमोन मंदिरात बाळ येशूला हातात घेतो आणि देवाची स्तुती करतो, क्रियापद युलोगेओ. पुढे सहाच ओळींनी तो मरिया आणि योसेफला आशीर्वाद देतो, क्रियापद परत युलोगेओ. आणि शेवटचा अध्याय तर मला फारच आवडतो, बेथानीपाशी येशू हात वर करून शिष्यांना युलोगेओ करतो, ते करता करताच त्यांच्यापासून वेगळा होतो, आणि शिष्य यरुशलेमला परत जाऊन मंदिरात देवाला युलोगेओ करत राहतात. लूकचं सगळं पुस्तक या शब्दावर येऊन थांबतं. ग्रीक वाचणाऱ्याला ही देवाणघेवाण लगेच कळते, मराठीत एकदा "आशीर्वाद" आणि एकदा "धन्यवाद" छापल्यावर ती गायब होते. याला कोणाची चूक म्हणता येत नाही, मराठीत दोन्ही दिशांना चालणारा शब्दच नाही, तर भाषांतर करणाऱ्याने करायचं काय.

इफिसकरांस पत्र १:३ मध्ये पौलाने हाच शब्द एका वाक्यात तीनदा फिरवलाय: युलोगेतोस आहे तो देव, ज्याने आपल्याला युलोगेओ केलं, प्रत्येक आत्मिक युलोगियाने. देवाकडून आलेलं चांगलं बोल परत देवाकडे. तुमच्या मुलीला सांगा की "ब्लेस" लिहिलेलं चुकीचं नाही, पण ते वाचताना डोक्यात आजीचा डोक्यावर ठेवलेला हात आणू नकोस, "देवाबद्दल चांगलं बोल, मोठ्याने बोल" असं वाच.

प्रश्न (तेच वाचक, दुसऱ्या मेलमध्ये): मग "धन्यवादित" हा काय प्रकार आहे? बाहेर कुठेच हा शब्द ऐकला नाही. आणि डोंगरावरच्या प्रवचनातलं "धन्य" तेच का?

उत्तर: नाही, तेच नाही, आणि इथे मराठी वाचकाची खरी गोची होते.

डोंगरावरच्या प्रवचनात "जे आत्म्याने दीन ते धन्य" याला ग्रीक शब्द माकारिओस. तो आशीर्वाद नाही आणि देवाला केलेली स्तुतीही नाही, एखाद्याची अवस्था बघून "काय भाग्यवान आहेस रे बाबा" असं म्हणणं आहे ते. युलोगेतोस हा वेगळा शब्द. तो नव्या करारात फक्त आठ वेळा येतो आणि आठही वेळा देवासाठीच: मार्क १४:६१, लूक १:६८, रोमकरांस १:२५ आणि ९:५, २ करिंथ १:३ आणि ११:३१, इफिस १:३, १ पेत्र १:३. माणसासाठी वापरायचा झाला तर त्याचा भाऊ येतो, युलोगेमेनोस. फरक व्याकरणाचा आहे. युलोगेमेनोस म्हणजे ज्याला कोणीतरी आशीर्वाद दिलाय असा, म्हणजे देणारा दुसरा कोणीतरी आहे, याला मिळालंय. युलोगेतोस म्हणजे स्तुतीला पात्र, ज्याची स्तुती व्हायलाच पाहिजे असा, याला कोणी द्यायची गरज नाही.

अलीशिबा मरियेला भेटते तो प्रसंग बघा, लूक १. ती आधी ओरडून म्हणते "स्त्रियांमध्ये तू युलोगेमेने", तीन ओळींनी म्हणते विश्वास ठेवला ती "माकारिया" (दोन्ही त्याच शब्दांची स्त्रीलिंगी रूपं). दोन वेगळे शब्द, दोन वेगळ्या गोष्टी, पहिल्यात देवाने तिला काय दिलं आणि दुसऱ्यात ती किती सुखी. मग त्याच अध्यायात अलीशिबाचा नवरा जखऱ्या याची बंद पडलेली जीभ सुटते आणि तो पहिलं गाणं गातो ते "युलोगेतोस प्रभू, इस्राएलाचा देव" असं. लॅटिनमध्ये त्याचा पहिला शब्द बेनेडिक्टुस, म्हणून कॅथलिक पहाटेच्या प्रार्थनेत त्या गाण्याचं नावच बेनेडिक्टुस पडलंय.

आता ज्यांनी मराठी बायबल केलं त्यांना हे सगळं माहीत होतं असंच मी धरतो. संस्कृतात धन्यवाद म्हणजे कोणाला तरी "धन्य" म्हणणं, म्हणजे वाहवा, स्तुती. त्या अर्थाने "परमेश्वराचा धन्यवाद कर" हे युलोगेओला अगदी फिट बसतं, आणि धन्यवादित म्हणजे ज्याला सगळे धन्य म्हणतात तो. फक्त मधल्या काळात धन्यवाद म्हणजे थँक्यू झालं आणि ज्याची त्याची पावती, बिल, एसटीचा बोर्ड सगळीकडे तो शब्द थँक्यू म्हणून चिकटला, त्यामुळे आज मंडळीत बसलेल्या मुलाला "परमेश्वराचा धन्यवाद कर" म्हटलं की देवाने काहीतरी दिलंय म्हणून आभार मान, एवढंच ऐकू येतं. आभारासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, युखारिस्तेओ, आणि त्याला मराठी ख्रिस्ती भाषेत किती सुंदर शब्द आहे बघा, उपकारस्तुती! हा शब्द चर्चबाहेर कोणी वापरत नाही पण मला तो मराठीच्या कमाईतला वाटतो.

युलोगेतोसला आज नवीन काय घ्यावं असं कोणी विचारलं तर मी "स्तुत्य"ला हात लावणार नाही, ते "स्तुत्य उपक्रम" वाल्या बातम्यांनी कधीच खलास केलंय. "धन्य तो देव" हे साधं आणि बरं, पण मग माकारिओसशी गल्लत होते, म्हणून धन्यवादित ठेवला असणार. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल एकटीच्या हिमतीवर मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत त्याच कामात होत्या. असल्या एकेका शब्दावर किती वेळ गेला असेल विचार करा.

प्रश्न (पुण्याहून, धर्मशास्त्राचा विद्यार्थी): सर, तुम्ही पण तेच सांगणार का की युलोगेतोस फक्त देवाला आणि युलोगेमेनोस फक्त माणसाला? क्लासमध्ये हा एकदम पक्का नियम म्हणून शिकवला.

उत्तर: नव्या करारापुरतं युलोगेतोसबद्दल ते खरं आहे, वर दिलंच आहे. पण पक्का नियम म्हणू नका. सेप्टुअजिंट उघडलं की उत्पत्ती १२:२ मध्येच देव अब्रामला म्हणतो "तू युलोगेतोस होशील", अनुवाद ७:१४ मध्ये अख्ख्या इस्राएलाला तेच म्हटलंय, रूथ २:२० मध्ये नामी बवाजबद्दल तेच म्हणते. म्हणजे भाषांतर करणाऱ्यांनी सुरुवातीला तरी सोवळं-ओवळं फार पाळलेलं नाही.

तरी कल कुठे आहे ते दिसतं. उत्पत्ती १४ मध्ये शालेमचा राजा मल्कीसदेक अब्रामला भेटतो आणि पाठोपाठ दोन वाक्यं बोलतो, अब्राम धन्य आणि परात्पर देव धन्य. हिब्रूत दोन्हीकडे एकच शब्द, बारुख (बराखचंच रूप). ग्रीक भाषांतरकाराने अब्रामला युलोगेमेनोस केलं आणि देवाला युलोगेतोस. हिब्रूत जो फरक नव्हताच तो त्याने ग्रीकमध्ये जाणूनबुजून केला, आणि माझ्या मते पुढची सगळी सवय याच प्रकारच्या वाचनातून लागली. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही ही सवय ऐकू येते, रोजच्या प्रार्थना "युलोगेतोस आमचा देव" अशा सुरू होतात पण मुख्य उपासना, म्हणजे प्रभुभोजनाची, "युलोगेमेने पित्याचं आणि पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं राज्य" अशी सुरू होते. तर नियमापेक्षा याला रीत म्हणा.

मार्क १४:६१ पण बघून ठेव. प्रमुख याजक येशूला विचारतो "तू ख्रिस्त, युलोगेतोसचा पुत्र आहेस काय?" देवाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून नुसतं "ज्याची स्तुती होवो त्याचा" मुलगा. मत्तयाने तीच गोष्ट सांगताना सरळ "देवाचा पुत्र" करून टाकलंय.

आणि परीक्षेला येईल म्हणून रोमकरांस ९:५. जुन्या हस्तलिखितांत स्वल्पविराम-पूर्णविराम जवळजवळ नसतातच, त्यामुळे "ख्रिस्त, जो सर्वांवर आहे, युगानुयुग युलोगेतोस देव" असं वाचायचं की "ख्रिस्त" वर थांबून "सर्वांवर असलेला देव युगानुयुग युलोगेतोस असो" असं नवीन वाक्य करायचं, यावर शेकडो वर्षं भांडण चालू आहे कारण पहिल्या वाचनात पौल येशूला सरळ देव म्हणतो. इंग्लिश बायबलच्या आरएसव्ही नावाच्या भाषांतराने १९४६ मध्ये मध्ये पूर्णविराम टाकला, त्याच परंपरेतल्या एनआरएसव्हीने १९८९ मध्ये तो काढून ख्रिस्ताला जोडलं. मला विचारशील तर मी पहिल्या वाचनाकडे झुकतो, कारण स्वतंत्र स्तुतिवाक्य असतं तर युलोगेतोस सवयीप्रमाणे पहिला आला असता, "युलोगेतोस हो थेओस" (थेओस म्हणजे देव) असा, इथे तो मागे आलाय. पण समोरच्यांचं म्हणणं की पौल असं दुसरीकडे सहसा म्हणत नाही, तेही हलकं नाही, उत्तरपत्रिकेत दोन्ही लिही.

प्रश्न (अलिबागहून एक वाचक): येशूने भाकरीला आशीर्वाद दिला असं ऐकतो. आमचे शेजारी बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) आहेत, ते म्हणतात आम्ही भाकरीला आशीर्वाद देत नाही, देवाला देतो. कोणाचं खरं?

उत्तर: शेजाऱ्यांचं, जवळपास. ज्यू जेवणाआधी जी बराखा (बराखवरूनच, स्तुतीची प्रार्थना) म्हणतात ती अशी की "धन्य तू, प्रभू आमच्या देवा, विश्वाच्या राजा, जो भूमीतून भाकर काढतोस." यात भाकरीला उद्देशून एक अक्षर नाही, सगळं देवाला. येशू ज्यू होता, तो जेवताना असंच काहीतरी म्हणत असणार, आणि मार्क ६:४१ मध्ये पाच हजारांना जेवू घालताना तो वर बघून युलोगेओ करतो आणि भाकरी मोडतो असं आहे, कशाला युलोगेओ केलं ते लिहिलेलंच नाही. शेवटच्या जेवणात मार्क भाकरीसाठी युलोगेओ लिहितो आणि पेल्यासाठी युखारिस्तेओ, म्हणजे त्याच्या डोक्यात दोन्ही एकाच प्रार्थनेची नावं होती. कॅथलिक मिस्सामध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर भाकर-द्राक्षारस अर्पण करताना जी प्रार्थना आली ती पण "धन्य तू, अखिल सृष्टीच्या प्रभू देवा" अशीच सुरू होते, ती या बराखावरूनच घेतलीये.

जवळपास का म्हटलं, तर लूक ९:१६ मध्ये तो "त्यांना", म्हणजे भाकरी-मासळीला युलोगेओ करतो असं स्पष्ट आहे, आणि पौल १ करिंथ १०:१६ मध्ये "आशीर्वादाचा पेला, ज्याला आपण आशीर्वाद देतो" म्हणतो. ग्रीक बोलणाऱ्यांच्या तोंडी आल्यावर शब्द हळूहळू वस्तूंकडे सरकायला लागला होता. तो पुढे इतका सरकला की पाचव्या-सहाव्या शतकात युलोगिया म्हणजे तीर्थाहून आणलेली वस्तू, इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबू मेनाला संत मेनासच्या समाधीवर जाणारे यात्रेकरू छोट्या मातीच्या कुप्या घेऊन यायचे, त्यांच्यावर दोन उंटांच्या मध्ये उभा संत आणि "संत मेनासची युलोगिया" असं लिहिलेलं असायचं. असल्या कुप्या युरोपातही सापडल्यात.

प्रश्न (नागपूरहून): ईयोबाच्या पुस्तकात हिब्रूमध्ये "देवाला आशीर्वाद दे आणि मर" असं आहे म्हणे? हे कसं शक्य आहे?

उत्तर: आहे. ईयोब २:९ मध्ये त्याची बायको जे म्हणते त्यात हिब्रू क्रियापद तेच, बराख, आणि अर्थ बरोबर उलटा, शिव्याशाप दे. देवाच्या नावापुढे "शाप" हा शब्द लिहायला लेखणी धजायची नाही म्हणून तिथे मंगल शब्द ठेवला. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, ऐकणाऱ्याला कळतं काय झालंय, तसंच. १ राजे २१ मध्ये ईजबेल नाबोथावर खोटे साक्षीदार उभे करते ते म्हणतात याने देवाला आणि राजाला "आशीर्वाद दिला", आणि त्यासाठी त्या बिचाऱ्याला दगडमार होतो! ग्रीक भाषांतरकाराने तिथे इमानदारीत युलोगेओच ठेवलंय, ज्याला हिब्रू येत नाही अशा ग्रीक माणसाला ती केस काय कळली असेल देव जाणे. ईयोबाच्या बायकोच्या बाबतीत मात्र त्याने हात आखडता घेतला आणि "प्रभूला काहीतरी बोल आणि मर" असं मोघम करून टाकलं.

प्रश्न (डोंबिवली): इंग्लिशमधली फ्युनरलची युलोजी याच शब्दावरून?

उत्तर: हो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलणं. पण शब्दाला काळी बाजूही आहे, रोमकरांस १६:१८ मध्ये पौल भोळ्या लोकांना फसवणाऱ्यांच्या "युलोगिया" बद्दल सावध करतो, तिथे अर्थ गुळगुळीत, गोड-गोड बोलणं. यु आणि लोगोस तेच, माणूस वेगळा.

प्रश्न (ठाणे): बायबलबाहेर सामान्य ज्यू माणसाने हा शब्द वापरल्याचा काही पुरावा?

उत्तर: आहे, आणि मला तो फार आवडतो. दक्षिण इजिप्तमध्ये एदफूच्या पूर्वेला वाळवंटात एल-कनाईस नावाची जागा आहे, फारो सेती पहिला याने खडकात खोदलेलं देऊळ, ग्रीक राजवटीत तिथे पॅन या ग्रीक देवाची पूजा चालायची आणि वाळवंटातून सुखरूप आलेले प्रवासी खडकावर आभाराच्या ओळी कोरून जायचे. त्यात दोन ज्यू आहेत. एकाने लिहिलंय, "देवाची युलोगिया. दोरिओनचा मुलगा थेओदोतोस, यहुदी, समुद्रातून वाचलेला." दुसरा, दिओनिसिओसचा मुलगा प्तोलेमाइओस, तो लिहितो की तो देवाची युलोगिया करतो. दोघांनीही कोणत्या देवाची ते लिहिलेलं नाही. पॅनच्या दारात उभं राहून पॅनचं नाव टाळलं, की तिथल्या लोकांना दुखवायचं नव्हतं, की वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यावं, हे तुम्हीच ठरवा. बाकीचे बरेच जण पॅनचं नाव घालून आभार मानतायत आणि मध्येच हे दोघं.

प्रश्न (कोल्हापूर): होसान्ना आणि हालेलूया पण ग्रीक का?

उत्तर: नाही, दोन्ही हिब्रू, ग्रीकमध्ये तसेच उचललेत. हालेलूया म्हणजे याहची (परमेश्वराची) स्तुती करा, नव्या करारात फक्त प्रकटीकरण १९ मध्ये, चार वेळा. होसान्ना मुळात स्तुती नव्हतीच, "वाचव ना!" अशी स्तोत्र ११८ मधली विनवणी, येशू यरुशलेमात शिरला तोपर्यंत तिचा जयजयकार झाला होता. आणि त्या जयजयकारात लोक पुढे म्हणतात "प्रभूच्या नावाने येणारा युलोगेमेनोस", स्तोत्र ११८ मध्येच आहे ते पण. लूकने होसान्ना गाळलाय, बहुधा त्याच्या ग्रीक वाचकांना तो कळला नसता म्हणून.

प्रश्न (तेच): उच्चार कसा करायचा, युलोगेतोस की एव्लोयितोस?

उत्तर: कॉलेजात शिकवतात तो युलोगेतोस किंवा एउलोगेतोस, आजचा ग्रीक माणूस आणि ग्रीक चर्च एव्लोयितोस म्हणतं, शेवटच्या "तोस" वर जोर देऊन. पेपरात पहिला लिहा, अथेन्सला गेलात तर दुसरा बोला.